मधुमेहजन्य जालपटल-विकृती व रक्तशर्करेचे नियमन

रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढलेले राहिल्यामुळे डोळ्याच्या आतील पडद्यातील म्हणजे जालपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये जे बदल घडून येतात, त्यांना मधुमेहजन्य जालपटल-विकृती म्हणतात. कमावत्या वयातील प्रौढांना येणाऱ्या अंधत्वाच्या प्रमुख कारणांत तिची गणना होते. रक्तशर्करा कमी करणे व ती कमी ठेवणे हा ही विकृती रोखण्याचा मूळ उपाय होय आणि तो निर्विवादपणे सिद्ध झालेला आहे. तथापि शर्करा किती कमी करावी, कोणत्या गतीने करावी आणि तत्पूर्वी डोळ्याची कोणती अवस्था पाहून घ्यावी, या प्रश्नांची उत्तरे वरवर दिसतात तितकी सरळ नाहीत. दीर्घकाळ चढलेली शर्करा थोड्या महिन्यांत झपाट्याने उतरविली असता काही रुग्णांची विकृती सुधारण्याऐवजी प्रथम बळावते. उलटपक्षी शर्करा प्रमाणाबाहेर उतरल्यास बेशुद्धी व क्वचित मृत्यूही ओढवतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे उपचाराच्या या बाजूचा विचार केला आहे. रोगाच्या सर्वसामान्य स्वरूपासाठी ‘मधुमेह’ ही नोंद पहावी.

जालपटलातील बदल : इन्शुलिनाचा शोध (१९२१) लागण्यापूर्वी तरुणपणी मधुमेह जडलेले रुग्ण फार काळ जगत नसत, त्यामुळे ही विकृती तेव्हा विरळाच आढळे. इन्शुलिनाने आयुष्य वाढले आणि सूक्ष्म वाहिन्यांचे रोग प्रकर्षाने पुढे आले. जालपटलाच्या केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या परिकोशिका प्रथम नष्ट होतात. आधार गेलेली भित्ती जागोजागी फुगून टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे तयार होतात. नेत्रपरीक्षक उपकरणातून ते बारीक लाल ठिपक्यांसारखे दिसतात आणि रोगाची ही बहुधा पहिली दृश्य खूण असते. पुढे भित्ती झिरपू लागते. रक्तरस व मेदद्रव्ये आजूबाजूच्या ऊतकात साचतात. हा साचा पीतबिंदूवर, म्हणजे बारीक वाचनास व चेहरा ओळखण्यास लागणाऱ्या मध्यभागावर झाल्यास दृष्टी अंधुक होते. दुसरीकडे, काही केशवाहिन्या बंद पडून त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या भागाला ऑक्सिजन कमी पडू लागतो. असा उपाशी भाग नव्या वाहिन्यांची वाढ घडवून आणणारे द्रव्य स्रवतो. त्याच्या प्रभावाने उगवणाऱ्या वाहिन्या अत्यंत नाजूक असतात. त्या फुटून काचाभ द्रवात रक्तस्राव होतो व त्यांच्याभोवती जमलेले तंतू आकसून जालपटल ओढले जाते आणि सुटते. अशा अवस्थेस प्रवर्धी अवस्था म्हणतात.

या सर्व घडामोडींचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पीतबिंदूला सूज येईपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत रुग्णाला काहीही जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, दृष्टिफलकावरील शेवटची ओळही वाचता येते. म्हणून ‘मला स्पष्ट दिसते’ हे रुग्णाचे विधान डोळा निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही. बाहुली औषधाने विस्फारून केलेली तपासणी किंवा जालपटलाचे छायाचित्र हाच खरा पुरावा होय.

शर्करा-नियंत्रणाचा लाभ : शर्करा काटेकोर ठेवल्याने डोळे वाचतात की नाही, याविषयी १९८० पर्यंत तज्ञांत मतभेद होते. ते अमेरिका व कॅनडा येथील २९ केंद्रांत १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या मधुमेह नियंत्रण व उपद्रव चाचणीने मिटविले. तीत इन्शुलिनावलंबी (पहिल्या प्रकारचा) मधुमेह असलेल्या १,४४१ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटास त्या काळचा रूढ उपचार, तर दुसऱ्यास दिवसातून तीन वा अधिक वेळा इन्शुलीन किंवा इन्शुलीन पंप व वारंवार रक्ततपासणी असा काटेकोर उपचार दिला गेला. रूढ गटाचे एचबीए१सी सुमारे ९ टक्के, तर काटेकोर गटाचे सुमारे ७ टक्के राहिले. सरासरी साडेसहा वर्षांनंतर, आरंभी डोळे निर्दोष असलेल्यांमध्ये विकृती उद्‌भवण्याचा धोका काटेकोर उपचाराने ७६ टक्क्यांनी, तर आधीच सौम्य विकृती असलेल्यांमध्ये ती वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची शर्करा हळूहळू सारखी झाली, तरी पहिल्या काटेकोर वर्षांचा लाभ पुढे अनेक वर्षे टिकून राहिला. यास ‘चयापचयी स्मृती’ असे म्हणतात. शर्करा चढलेल्या वर्षांचा दुष्परिणामही असाच मागे रेंगाळतो, हा त्याचाच दुसरा अर्थ.

प्रौढ वयात उद्‌भवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयीचे उत्तर ब्रिटनमधील संयुक्त राज्य भावी मधुमेह अभ्यासाने १९९८ मध्ये दिले. नव्याने निदान झालेल्या रुग्णांत दहा वर्षांच्या काळात एचबीए१सी ७.९ ऐवजी ७ टक्के राखल्यास सूक्ष्म वाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी घटतात, असे त्यात आढळले.

आरंभीचा बिघाड : शर्करा सुधारली आणि डोळे बिघडले, हा विपरीत अनुभव प्रथम १९८० नंतरच्या दशकात नोंदला गेला. इन्शुलीन पंप तेव्हा नुकतेच उपलब्ध झाले होते. क्रॉक सहकारी अभ्यास (१९८४) व नॉर्वेतील ऑस्लो अभ्यास (१९८५) यांत पंपाने शर्करा झपाट्याने खाली आणलेल्या काही रुग्णांच्या जालपटलावर थोड्याच महिन्यांत कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढुरके डाग उमटले. असे डाग म्हणजे त्या त्या ठिकाणी रक्तपुरवठा तुटल्याचे चिन्ह होय. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी चाचणीतही पहिल्या वर्षात असा बिघाड काटेकोर गटातील १३.१ टक्के, तर रूढ गटातील ७.६ टक्के व्यक्तींत आढळला. अठराव्या महिन्यापर्यंत त्यांपैकी अनुक्रमे ६९ व ५५ टक्के व्यक्तींचा बिघाड भरून निघाला. काटेकोर गटातील ज्यांचे डोळे आरंभी बिघडले होते, त्यांचीही अखेरची स्थिती रूढ गटातील न बिघडलेल्यांच्या तोडीची किंवा त्यांहून चांगली होती आणि या बिघाडापायी कोणाचीही दृष्टी गंभीररीत्या गेली नाही.

हा निष्कर्ष दिलासा देणारा असला, तरी तो सर्वांना सरसकट लागू करणे चुकीचे ठरेल. तीव्र विकृती असलेल्या व्यक्तींना त्या चाचणीत मुळातच घेतलेले नव्हते. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दवाखान्यात येणारा रुग्ण पुष्कळदा दहा-पंधरा वर्षे शर्करा चढलेली, एचबीए१सी ११ वा १२ टक्के आणि डोळे एकदाही न तपासलेले अशा स्थितीत येतो. बिघाडाचा धोका नेमका अशांनाच सर्वाधिक असतो. कारण मधुमेहाचा दीर्घ काळ, आरंभीची शर्करा जास्त असणे, आधीच असलेली विकृती आणि शर्करेत झालेली मोठी घट हे त्याचे प्रमुख घटक आहेत. हा परिणाम केवळ इन्शुलिनामुळे होतो असे नाही. आठवड्यातून एकदा टोचल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या ३,२९७ रुग्णांवरील चाचणीत (२०१६) दोन वर्षांत जालपटलाचे उपद्रव औषध घेणाऱ्यांत ३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १.८ टक्के आढळले आणि ते बहुतांशी आधीच विकृती असलेल्या रुग्णांत घडले. लठ्ठपणावरील जठराच्या शस्त्रक्रियेनंतरही असा बिघाड पाहण्यात आला आहे.

याची कारणमीमांसा दोन प्रकारे करतात. शर्करा चढलेली असताना जालपटलाचा रक्तप्रवाह वाढलेला असतो. ती एकदम उतरली की प्रवाहही घटतो आणि मुळातच अर्धपोटी असलेल्या भागाचा पुरवठा तुटतो, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार उपचाराने रक्तातील इन्शुलिनसदृश वृद्धिघटक वाढतो व तो नव्या वाहिन्यांच्या वाढीस चेतना देतो. या दुसऱ्या मतामागे एक जुने निरीक्षण आहे. प्रसूतीनंतर पोष ग्रंथीचा नाश झालेल्या एका मधुमेही स्त्रीची जालपटल-विकृती मागे हटल्याचे डेन्मार्कमधील पोल्सेन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून पुढे काही वर्षे डोळे वाचविण्यासाठी पोष ग्रंथीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करीत. लेसर उपचार आल्यावर हा अघोरी उपाय मागे पडला.

यावरून शर्करा मुद्दाम सावकाश उतरवावी, असा निष्कर्ष सहज सुचतो व अनेक चिकित्सक तसे करतातही. परंतु शर्करा हळूहळू उतरविल्याने बिघाड टळतो, असा पुरावा उपरोक्त चाचणीत मिळाला नाही. धिम्या गतीपेक्षा आधीची नेत्रतपासणी अधिक मोलाची आहे, असे त्यामुळे म्हणावे लागते. काटेकोर उपचार सुरू करण्यापूर्वी बाहुली विस्फारून डोळे तपासणे आणि नंतरचे सहा ते बारा महिने दर तीन महिन्यांनी तपासणी करणे, अशी शिफारस त्या संशोधकांनी केली. विकृती प्रवर्धी अवस्थेच्या उंबरठ्यावर असेल व एचबीए१सी बरेच जास्त असेल, तर लेसर उपचार पूर्ण होईपर्यंत काटेकोर नियंत्रण थोडे लांबणीवर टाकणे इष्ट असते. मात्र रुग्णाला मधुमेही कीटोनविषबाधा झाली असल्यास, अथवा शर्करा अतिशय चढून तो कोरडा पडत असल्यास हा विचार गौण ठरतो. तेथे विलंब केल्यास प्राणच जातील. तसेच डोळे बिघडतील या धास्तीने चालू इन्शुलीन आपल्या मनाने बंद करणे ही सर्वांत घातक गोष्ट होय.

गर्भारपण हा या प्रश्नाचा एक विशेष प्रसंग आहे. गर्भाच्या हितासाठी शर्करा थोड्या आठवड्यांत काटेकोर करावी लागते आणि गर्भारपण स्वतःदेखील विकृती वाढविते. म्हणून आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वी व गर्भारपणाच्या प्रत्येक तिमाहीत डोळे तपासून घ्यावेत असे सांगतात. फक्त गर्भारपणात उद्‌भवलेल्या मधुमेहात हा धोका सहसा नसतो.

अल्पग्लुकोजरक्तता : रक्तातील ग्लुकोज १०० मिलि.मागे ७० मिग्रॅ.च्या खाली गेल्यास सावध व्हावे आणि ५४ मिग्रॅ.च्या खाली गेल्यास ती गंभीर स्थिती समजावी. घाम सुटणे, हातांना कंप, छातीत धडधड, एकाएकी लागलेली भूक ही आरंभीची लक्षणे असून त्यानंतर डोळ्यांपुढे अंधारी, दुहेरी दिसणे, असंबद्ध बोलणे, झटके व बेशुद्धी असा क्रम असतो. मधुमेह जुना झाल्यावर आरंभीची लक्षणे पुष्कळदा लोपतात आणि रुग्ण एकदम गोंधळतो. अशा रुग्णाला दारू प्यालेला समजण्याची चूकही होते. अमेरिकी चाचणीत काटेकोर गटातील तीव्र अल्पग्लुकोजरक्ततेचे प्रसंग रूढ गटाच्या सुमारे तिप्पट होते. डोळ्यांना मिळालेल्या लाभाची ही किंमत होती.

ती किंमत किती मोठी असू शकते, हे पुढे ‘ॲकॉर्ड’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी-कॅनडी चाचणीत दिसून आले. तीत हृद्‌रोगाचा धोका असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांचे एचबीए१सी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात २५७, तर सौम्य उद्दिष्टाच्या गटात २०३ मृत्यू झाल्याने २००८ मध्ये ते काटेकोर नियंत्रण मुदतीपूर्वीच थांबविण्यात आले. याच चाचणीच्या नेत्रविषयक भागात मात्र चार वर्षांत विकृती वाढलेल्यांचे प्रमाण काटेकोर गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १०.४ टक्के होते. डोळ्यांस हितकारक ते सर्व शरीरास हितकारक असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. परिणामी आता सर्वांना एकच उद्दिष्ट लावीत नाहीत. बहुतेक प्रौढांस एचबीए१सी सुमारे ७ टक्के योग्य मानतात. वृद्ध, एकटे राहणारे, हृदय वा मूत्रपिंड निकामी होत आलेले आणि पूर्वी बेशुद्ध झालेले अशांना ८ टक्क्यांच्या आसपासही समाधान मानणे शहाणपणाचे असते.

इन्शुलीन व सल्फोनिलयूरिया वर्गातील गोळ्या (ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड इ.) यांनी शर्करा धोक्याच्या पातळीखाली जाते, एकट्या मेटफॉर्मिनाने सहसा जात नाही. मूत्रपिंड दुबळे झाल्यावर इन्शुलीन शरीरात अधिक काळ टिकते. ‘अलीकडे इन्शुलीन कमी लागते’ म्हणून रुग्ण व नातलग आनंदतात, तेव्हा पुष्कळदा ते रोग बरा होत असल्याचे नव्हे, तर मूत्रपिंड खालावत असल्याचे लक्षण असते. दृष्टी अधू झालेल्यांस आणखी एक धोका असतो. भारतात इन्शुलीन १ मिलि.मध्ये ४० एकके व १०० एकके अशा दोन शक्तींमध्ये मिळते आणि प्रत्येकीची पिचकारी वेगळी असते. १०० एककांचे इन्शुलीन ४० एककांच्या पिचकारीत त्याच आकड्यापर्यंत भरल्यास मात्रा अडीचपट होते. पिचकारीवरील बारीक रेषा न दिसणाऱ्या व्यक्तीसाठी मात्रा दुसऱ्याने भरणे किंवा मात्रेचा आकडा फिरवून लावता येणारे इन्शुलीन पेन वापरणे सुरक्षित असते.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला सुमारे १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून देतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात व जरूर तर तेवढीच मात्रा परत देतात. नंतर काही खाण्यास देतात. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्या रुग्णात साखरेचे पचन मंदावलेले असल्याने त्याला ग्लुकोजच द्यावे लागते. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला शिरेतून ग्लुकोज अथवा ग्लुकागॉनाचे अंतःक्षेपण देतात. गोळ्यांमुळे उतरलेली शर्करा काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा रुग्णास शुद्ध येताच घरी पाठवीत नाहीत.

महाराष्ट्रात उपवासांचा संबंध येथे लक्षात घ्यावा लागतो. निर्जळी एकादशी किंवा रमजानचा रोजा पाळणाऱ्याने औषधाची मात्रा न बदलल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. याउलट साबुदाण्याची खिचडी, बटाटा व रताळी यांवर केलेला उपवास पिष्टमय आहाराचाच प्रकार असून त्या दिवशी औषध वगळल्यास शर्करा भडकते. एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध गोष्टी येत असल्याने रुग्ण नेमके काय खातो, हे विचारल्यावाचून मात्रा ठरविता येत नाही.

नियंत्रणाचे मापन : तेहरान येथील सॅम्युएल रहबर यांनी १९६८-६९ च्या सुमारास मधुमेहींच्या रक्तात हीमोग्लोबिनाचा एक विशेष घटक वाढलेला असतो, हे दाखविले. एचबीए१सी तो हाच. तांबड्या कोशिकांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने त्याच्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांच्या शर्करेची सरासरी समजते. पण सरासरी ही सरासरीच; दिवसा ३०० व पहाटे ५० अशी शर्करा असलेल्याचा आकडाही सुरेख दिसू शकतो. शिवाय लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा खोटा वाढतो, तर तांबड्या कोशिका अकाली नष्ट होणाऱ्या रोगांत खोटा घटतो. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल रोग आढळत असल्याने तेथे केवळ या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. बोटाच्या रक्ताची घरच्या घरी केलेली तपासणी तेथे अधिक उपयुक्त ठरते.

इतर उपाय : जालपटलाच्या दृष्टीने रक्तदाब हा शर्करेच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. ब्रिटिश अभ्यासात सरासरी रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ मिमी. पारा राखल्याने विकृतीची वाढ ३४ टक्क्यांनी कमी झाली. शर्करेच्या मानाने रक्तदाब उतरविणे सोपे व स्वस्त असूनही त्याकडे दुर्लक्ष होते. विकृती पुढे गेल्यावर केवळ शर्करा उतरवून भागत नाही. प्रवर्धी अवस्थेत जालपटलाच्या कडेच्या भागावर लेसर किरणांनी प्रकाशक्लथन केल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. पीतबिंदूच्या सुजेवर वाहिनीवृद्धिरोधी औषधे डोळ्यात टोचतात. काचाभ द्रवातील न निवळणारे रक्त व सुटलेले जालपटल यांसाठी शस्त्रक्रिया करतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचे डोळे निदान होताच, तर पहिल्या प्रकारच्या रुग्णाचे निदानापासून पाच वर्षांच्या आत प्रथम तपासावेत व नंतर सामान्यतः दरवर्षी तपासावेत, असा संकेत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्यांची तपासणी नेत्रतज्ञांकडून होणे अशक्य असल्यामुळे साध्या दवाखान्यात जालपटलाचे छायाचित्र घेऊन ते तज्ञाकडे पाठविण्याची पद्धत रुजत आहे.

चष्म्याच्या अंकातील बदल : उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत दृष्टी धूसर होणे हे नेहमीच जालपटलाच्या बिघाडाचे लक्षण नसते. चढलेल्या शर्करेच्या काळात नेत्रभिंगात ग्लुकोजापासून बनलेले सॉर्बिटॉल साचलेले असते. रक्तशर्करा उतरताच भिंगातील व बाहेरील द्रवांचा समतोल बदलून भिंगात पाणी शिरते, त्याची प्रकाशवक्रीभवनाची शक्ती बदलते व बहुधा तात्पुरती दूरदृष्टिता येते. पूर्वी चष्म्यावाचून वाचणाऱ्यास अक्षरे पुसट दिसू लागतात आणि औषधानेच डोळे बिघडले असे समजून तो औषध सोडतो. हा बदल काही आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो. म्हणून शर्करा महिना-दीड महिना स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करवून घेऊ नये. मात्र दृष्टी एकाच डोळ्याची गेली, डोळ्यांपुढे काळे ठिपके वा जाळे तरंगू लागले किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर ते भिंगाचे काम नसून नेत्रतज्ञाने त्याच दिवशी पाहणे आवश्यक असते.